पेल्यावर पेला

22 मे 1997ची पहाट जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यात कोणालाही विचारा. नुकते चार वाजून गेले होते. जमीन हलली आणि सगळा मोहल्ला बनियनवर, अनवाणी रस्त्यावर. त्या भूकंपात जबलपूर आणि आसपासची चाळीसेक माणसं गेली. आमची काकू मात्र पुढे कित्येक वर्षं उशाशी पेल्यावर पेला उपडा ठेवून झोपायची. वरचा पेला खणकन पडला की उठून पळायचं. आम्ही पोरं हसायचो.

परवा डॉ. मोहन आगाशे यांचा ‘अस्तु’ हा सिनेमा पुन्हा पाहिला आणि काकू आठवली. स्मृती हरवलेले चक्रपाणी शास्त्री हत्तीमागे चालत जातात, माहुताच्या बायकोला आई म्हणू लागतात. ती त्यांना कशाची आठवण करून द्यायला जात नाही. आई म्हटलं ना, मग जेवू घालते. आम्ही मात्र काकूला हसलो होतो. शास्त्री झालेला नट स्वतः मनोविकारतज्ज्ञ. 1972मध्ये ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना उभा करणारे, 1986पासून पुण्यात जर्मनीतल्या ग्रिप्स शैलीची बालनाटकं रुजवणारे आगाशे किल्लारीच्या 1993च्या भूकंपानंतर तिथल्या माणसांच्या मनाच्या अभ्यासातही होते. हल्ली ते सिनेमा दाखवतात आणि दिवे लागले की प्रेक्षकांशी बोलत बसतात. माझ्या मते खरा प्रयोग तिथे सुरू होतो.

‘नाटकाने मन बरं होतं’ हे वाक्य मला गुळमुळीत वाटतं. नाटक म्हणजे काढा नव्हे. ‘घाशीराम’ पाहून पुण्यात कोणाला बरं वाटलं होतं? लोक खवळले. पण घरात ज्यावर हसून वेळ मारून नेतो, ते नाटकात चारचौघांत बसून ऐकावं लागतं. रवांडाच्या होप अझेदा तर स्मारकातच नाटक करतात. 1994च्या शंभर दिवसांच्या नरसंहारातले अडीच लाख मृत किगालीच्या ज्या स्मारकात पुरले आहेत, तिथेच 2015पासून त्यांचा ‘उबुमुंटु’ महोत्सव भरतो. उबुमुंटु म्हणजे माणुसकी.

जबलपूरला नाटकाचं वावडं नाही. हे व्यंग्यकार हरिशंकर परसाईंचं गाव. इथे ‘विवेचना’ ही नाट्यसंस्था आहे, शहीद स्मारकात प्रयोग होतात. पण त्या पहाटेवरचं नाटक मी तरी अजून पाहिलेलं नाही. तेव्हा रंगकर्मी मंडळींनो, येत्या 22 मेला अर्ध्या तासाचं का होईना, काही करा. संहितेसाठी कांचघरात दारोदार फिरा, लोक सांगतील. काकूचे दोन्ही पेले माझ्याकडे आहेत, तेवढे मी घेऊन येतो.