हजेरीपटावरचा तिसरा दिवस

माझ्या आपाची शाळा चौथीत सुटली. तिला कोणी काढलं नव्हतं. 'मी शाळेत जाणार नाही' असं तीही कधी म्हणाली नव्हती.

अब्बा भिवंडीत यंत्रमागावर कामाला होते. मजुरी मीटरवर, हप्ता आठवड्याला. धंद्यात मंदी आली, मालकाने पाळ्या कमी केल्या आणि हप्ता निम्म्यावर आला. म्हणून अम्मी कारखान्यात कांड्या भरायला जाऊ लागली. घरात आठ महिन्यांचं बाळ होतं. त्याला सांभाळायला आपा घरी थांबू लागली. आधी आठवड्यातून एक दिवस, मग दोन, मग रोज. ते बाळ म्हणजे मी.

मी बी.कॉम. झालो तेव्हा एकदा तिला विचारलं, "शाळेतून कोणी आलंच नाही का गं?" ती म्हणाली, "आले होते ना एक सर, दोन महिन्यांनी. पुस्तकं परत न्यायला."

त्या सरांवर माझा राग नाही. शाळेचं काम शिकवणं, घरचं घरच्यांनी बघावं, अशीच तेव्हा सगळ्यांची समजूत होती. आजही ती फारशी बदललेली नाही. पण मला वाटतं, अडचणीत सापडलेल्या कुटुंबाला वेळेवर हात देऊ शकेल अशी मोहल्ल्यातली सर्वात जवळची जागा प्राथमिक शाळाच आहे.

कारण सोपं आहे. घरात काही बिघडलं की ते सर्वात आधी मुलावर दिसतं. बापाचं काम गेलं, आई आजारी पडली, सावकार दारात येऊ लागला, घरात मारहाण सुरू झाली, तर शेजाऱ्यांना कळायला वेळ लागतो. अम्मी-अब्बा कोणाला सांगत नाहीत, इज्जतीचा प्रश्न असतो. पण शाळेत मूल पेंगतं, वहीशिवाय येतं, दुपारची खिचडी अर्धी खाऊन उरलेली धाकट्या बहिणीसाठी डब्यात भरतं आणि मग एक दिवस येतच नाही. हे सगळं वर्गशिक्षकाच्या डोळ्यांसमोर घडत असतं. नोंद मात्र फक्त गैरहजेरीची होते.

महाराष्ट्रात सलग एक महिन्यापेक्षा जास्त गैरहजर असलेलं मूल 'शाळाबाह्य' धरलं जातं. मग सर्वेक्षण, शोधमोहीम, पुन्हा दाखला. हे हवंच. पण महिनाभरात घर नव्या व्यवस्थेला सरावलेलं असतं. मुलगी बाळ सांभाळायला शिकलेली असते, मुलगा हॉटेलात कप धुवायला लागलेला असतो. तिची मदत किंवा त्याची कमाई घराच्या हिशेबात बसली, की त्यांना परत आणणं फार अवघड. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: तिसाव्या दिवशी नको, तिसऱ्या दिवशी विचारा. आणि "का आली नाहीस?" असं नको. "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारा.

विचारलं आणि ठीक नसलं, तर पुढे काय? करता येण्यासारखं बरंच आहे, पण ते घरापर्यंत पोहोचत नाही. वडील वारले असतील किंवा आई एकटी सांभाळत असेल, तर बालसंगोपन योजनेतून मुलासाठी दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. निराधार विधवा आणि तलाकशुदा बाईसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. मुलाला मारहाण होत असेल तर 1098 हा क्रमांक आहे. जन्मदाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं आहे. पण कांड्या भरणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? सांगितलं तरी उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं खातं यांसाठी ती किती रोज बुडवणार?

त्यात 'कागद' हा शब्द काढला की आपल्याकडे गेल्या काही वर्षांपासून माणसं घाबरतात. अनोळखी माणूस दारात येऊन आधार मागू लागला तर दार बंद होतं. शाळेच्या बाबतीत तसं होत नाही, तिथे अम्मी रोज मुलाला सोडायला येते. म्हणून महिन्यातली एक दुपार शाळेतच कागदांसाठी ठेवावी. एका वर्गात दोन-तीन माणसं बसावीत, अर्ज भरावेत, पुढे कुठे जायचं ते सांगावं. याला ना इमारत लागते ना मोठा निधी.

यावर शिक्षक म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील, की आधीच मतदारयाद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती यांनी आम्ही वाकलोय. हे ओझं त्यांच्यावर टाकू नयेच. शिक्षकाने फक्त ओळखावं आणि कळवावं. पुढचं काम दुसऱ्यांनी उचलावं. हे दुसरे म्हणजे आपण.

कायद्याच्या कलम 21 नुसार शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. अनेक ठिकाणी ही समिती फक्त सह्यांपुरती उरलेली आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत तर 2012 च्या दुरुस्तीने तिचं काम सल्ल्यापुरतंच ठेवलं. म्हणजे आपल्याच विश्वस्तांच्या शाळांत आपल्याच पालकांचा आवाज सर्वात कमी. सरकारला जाब विचारायचाच. 2022-23 पासून केंद्राने पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, त्याबद्दल आपण बोललो आणि बोललंच पाहिजे. पण तोच प्रश्न आपल्या संस्थाचालकांनाही विचारायला हवा: गेल्या वर्षी तुमच्या शाळेतून किती मुलं गळाली आणि तुम्ही कितींच्या घरी गेलात?

जकातीचंही तसंच. रमजानमध्ये आपण राशनचे किट वाटतो, चांगलं करतो. पण लूम बंद पडतात, माणूस आजारी पडतो, ते रमजान बघून नाही. त्या वेळी दोन महिन्यांचं घरभाडं किंवा बाळ सांभाळणाऱ्या शेजारणीचे पैसे दिले गेले, तर एक मुलगी शाळेत टिकू शकते.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. मदत करता करता आपण चौकीदार होऊ नये. कोणाच्या घरात काय चाललंय हे वर्गात विचारायचं नाही, नाक्यावर बोलायचं नाही, आणि मदतीचा फोटो तर काढायचाच नाही. एकदा मोहल्ल्यात चर्चा झाली की ते घर परत कधी तोंड उघडत नाही.

सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं होतं की 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मध्येच गळाली. हा आकडा आपण भाषणात, पोस्टमध्ये कितीतरी वेळा वापरला. माझ्यासाठी त्यात आपा आहे. तुमच्याही घरात कोणीतरी असेल. मी शिकलो त्यात तिच्या चौथीचा वाटा आहे, आणि हे कर्ज तिला परत करायचा काही मार्ग मला माहीत नाही.

पण तिची मुलगी आता तिसरीत आहे. मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला, तीन दिवस शाळा बुडाली. तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. मुलगी कशी आहे, डॉक्टरला दाखवलं का, काही लागलं तर सांगा, एवढंच बोलल्या. फोन ठेवून आपा बराच वेळ गप्प बसली होती. मग म्हणाली, "एवढंच करायचं असतं रे."

तुमच्या घराजवळच्या शाळेत या आठवड्यात जाऊन या. समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आणि दुपारी अर्ज भरायला येऊन बसू का, तेही विचारा.