तिकडचं काय हो!

आमच्या सोसायटीच्या बाकांवर संध्याकाळी सहा ते साडेसात जे मंडळ भरतं, त्याची मी निवृत्तीपासूनची सभासद. इथला एक रिवाज आहे. कोणी परदेशी मुलाबाळांकडे जाऊन आलं की त्याने चॉकलेटं वाटायची, फोटो दाखवायचे, आणि ऐकणाऱ्यांनी शेवटी सुस्कारा सोडायचा, "तिकडचं काय हो! आपल्याकडे नाही जमायचं." मीही हा सुस्कारा वर्षानुवर्षं सोडला. जून २०२४ मध्ये हॉलंडहून परत आले आणि तोच सुस्कारा माझ्या फोटोंवर सोडला गेला, तेव्हा मात्र मला एकदम राग आला. राग कशाचा, ते बाकावर नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबेल. छत्तीस वर्षं तास घेतलेत, सवय जात नाही.

आधी सहलीबद्दल. आमची लेक आइंडहोवनला असते. "दहा दिवसांत सात देश वगैरे बसमधून पळापळ करू नका, आई. एकच देश नीट बघा," म्हणाली आणि तिनेच पैसे भरून आम्हा दोघांना एका बोटीवर पाठवलं. अ‍ॅम्स्टरडॅम ते ब्रुझ, आठ दिवस. बोट म्हणजे पूर्वी कालव्यातून माल वाहणारी लांबोडकी नाव. तिच्या पोटात आता छोट्या खोल्या केलेल्या. सकाळी न्याहारी करायची, ब्रेड-चीजचा डबा भरून घ्यायचा (आमच्याकडे मेतकूटही होतं), आणि गाईडबाईंच्या मागून सायकली काढायच्या. तीस-चाळीस किलोमीटर. तोवर बोट कालव्यातून पुढे गेलेली असते आणि संध्याकाळी ठरल्या गावी आपली वाट पाहत उभी असते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी बॅटरीची सायकल घेतली, हे कबूल करते. यांनी हट्टाने साधी घेतली आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बदलून घेतली.

पहिल्या दिवशी तासाभराने हे म्हणाले, "अगं, आपल्याला कोणी हॉर्न का वाजवत नाही? आपण दिसतोय ना लोकांना?" खरंच, त्या आठ दिवसांत हॉर्न ऐकल्याचं मला आठवत नाही. एका बाजूला कालवा, एका बाजूला गाईंची कुरणं, मधे सायकलींची वाट. या वाटांपैकी कित्येक म्हणजे जुन्या काळी घोडे नाव ओढत चालायचे त्या वाटा. अ‍ॅम्स्टरडॅम ते हार्लेम अशी घोड्याने ओढायची प्रवासी नाव १६३२ साली सुरू झाली, तीही वेळापत्रकाप्रमाणे. पुढे बेल्जियममध्ये अँटवर्पला नदी ओलांडायची, तर नदीखाली १९३३ साली बांधलेला ५७२ मीटर लांबीचा बोगदा आहे, पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी. मोटारींना तिथे मज्जाव. जुन्या लाकडी सरकत्या जिन्यावर सायकल धरून उभं राहायचं आणि खाली उतरायचं. मी एका हाताने सायकल धरली होती आणि दुसऱ्या हाताने यांना.

तर असे फोटो पाहून बाकावरच्या मंडळींनी सुस्कारा सोडला, आणि मग तीन कारणं सांगितली. ती तुम्हालाही पाठ असतील. एक, त्यांचा देश सपाट आहे. दोन, त्यांच्याकडे पैसा आहे. तीन, आणि हे सगळ्यात लाडकं, ते लोकच शिस्तीचे, आपले लोक बेशिस्त.

एकेक घेऊ.

देश सपाट आहे, अगदी पोळपाटासारखा. पण हॉलंड १९७१ सालीही सपाटच होतं. त्या एका वर्षात तिथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली आणि त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. सपाटपणाने एकाही मुलाला वाचवलं नाही. सपाट रस्त्यावर मोटारही जास्त जोरात जाते, एवढाच त्याचा अर्थ.

पैशाचं म्हणाल तर गंमत उलटीच आहे. युद्धानंतर त्यांच्याकडे पैसा आला तो मोटारी घेऊन आला, आणि सायकली मागे हटल्या. आज आपण ज्यांचे फोटो काढतो ते अ‍ॅम्स्टरडॅमचे कालवे बुजवून त्यांवर रस्ते करा, असं तिथल्या पोलिसप्रमुखानेच १९५४ साली सुचवलं होतं. लोकांनी ओरड केली म्हणून ते राहिलं. उत्रेख्त शहरात तर राहिलंही नाही. तिथल्या जुन्या खंदकाच्या कालव्याचा एक भाग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कोरडा केला आणि तिथून मोटारींचा हमरस्ता काढला. सहलीच्या आदल्या दिवशी लेकीने आम्हाला मुद्दाम तिथे नेलं. मी म्हटलं, "अगं, इथे तर पाणी आहे, बोटी आहेत." ती म्हणाली, "आई, हे पाणी २०२० साली परत आणलंय." २००२ साली त्या शहरात सार्वमत झालं, लोकांनी पाणी परत आणण्याची योजना निवडली, आणि रस्ता खणून पुन्हा कालवा केला. म्हणजे पैसा तेव्हाही होता आणि आताही आहे. मधे फक्त लोकांचं मत बदललं, आणि ते त्यांनी मोठ्याने सांगितलं.

राहिली शिस्त. शिस्त ही काय हॉलंडच्या मातीत उगवते? १९७१ साली ती चारशे मुलं ज्यांच्या मोटारींखाली गेली, ते याच 'शिस्तीच्या' लोकांचे आई-बाप होते.

हे आकडे मला आधी ठाऊक नव्हते. किंडरडाइक नावाचं गाव आहे, तिथे पाणी उपसण्याच्या एकोणीस पवनचक्क्या रांगेने उभ्या आहेत, त्या बघायला जगभरातून लोक येतात. नावाचा अर्थ विचारला तेव्हा गाईडबाई म्हणाल्या, "मुलांचा बांध." १४२१ च्या महापुरात एक पाळणा वाहत आला आणि आतलं मूल वाचलं, अशी दंतकथा आहे. मी मास्तरीण, मला शब्दाची फोड लागते. 'किंडर' म्हणजे मुलं. त्यावर त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे 'किंडर'चा आणखी एक शब्द आहे. तोही सांगते."

मग तिथे बांधावर डबे खाता खाता त्यांनी सांगितलं. व्हिक लांगेनहोफ नावाचा एक पत्रकार होता. त्याची सहा वर्षांची मुलगी मोटारीच्या धडकेत गेली. त्याने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'स्टॉप दे किंडरमोर्ड', म्हणजे मुलांचे खून थांबवा. अपघात नाही म्हणाला तो. खून म्हणाला. त्यातून याच नावाची चळवळ उभी राहिली. आया-बाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, जिथे मुलं मेली त्या जागा अडवल्या. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलाची टंचाई आली आणि सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या. साठीच्या आमच्या गाईडबाई तेव्हा लहान होत्या. मोटारींच्या हमरस्त्यावर चाकांचे बूट घालून पळालो, म्हणाल्या. लोकांना त्या रविवारी आपलं गाव कसं असू शकतं ते दिसलं. १९७५ साली सायकलवाल्यांची संघटना झाली. हेग आणि टिलबर्गला सायकलींच्या पहिल्या प्रयोगाच्या वाटा झाल्या, तेव्हा मोटारवाल्यांनी आणि दुकानदारांनी विरोधही केला. पण मागणी करणारे थकले नाहीत.

म्हणजे मी ज्या वाटेवर बसून मेतकूट-ब्रेड खात होते, ती काही त्या देशाला पत्रिकेत लिहून आलेली नव्हती. ती भांडून मिळवलेली होती.

तिकडे आता सगळं गोड आहे असंही नाही. २०२२ साली तिथे रस्त्यांवर ७४५ माणसं गेली, त्यांत २९१ सायकलवर होती, आणि त्यांतही माझ्यासारखी म्हातारी माणसं बरीच. त्यावरूनही त्यांची भांडणं चालू आहेत. आपल्या देशात त्याच वर्षी १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं रस्त्यांवर मेली. देश मोठा, लोकसंख्या मोठी, सगळं मान्य. पण यावर आपण काय केलं, तर सुस्कारा सोडला.

आता खरं सांगायचं ते सांगते. राग बाकावरच्या मंडळींचा होताच, पण त्याच्या तळाशी दुसरंच काही होतं.

मी १९७२ साली शाळेत लागले तेव्हा पुणं सायकलींचं शहर होतं. मी नऊवारी नाही पण पाचवारी साडीत सायकल चालवत शाळेत जायचे आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. शाळेचा सायकल स्टँड भरून वाहायचा. पुढे स्कूटर आल्या, मग मोटारी. मीही यथावकाश दुचाकी घेतली. १९९० च्या दशकात, एका जुलैमध्ये, आमचा आठवीतला एक मुलगा सायकलवरून येताना शाळेच्या अलीकडच्या चौकात ट्रकखाली गेला. त्याचं नाव लिहीत नाही. निबंधात शुद्धलेखनाच्या चुका फार करायचा, पण लिहायचा मनापासून.

शाळेने शोकसभा घेतली. दोन मिनिटं स्तब्धता पाळली. चार दिवसांनी त्याचे वडील आले. त्यांच्या हातात एक अर्ज होता, महानगरपालिकेला द्यायचा. शाळेपुढे गतिरोधक करा, जड वाहनं शाळेच्या वेळात बंद करा, मुलांसाठी वेगळी वाट ठेवा. त्यावर शिक्षकांच्या सह्या हव्या होत्या. वरून सांगण्यात आलं की शाळेने असल्या राजकारणात पडू नये. मी अर्ज वाचला, त्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती तीही दिसली, आणि मी "बघू हं" म्हणून तो परत दिला. सही केली नाही.

आठवड्याभरात शाळेने परिपत्रक काढलं. 'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने पालकांनी आपल्या पाल्यास सायकलवरून शाळेत पाठवू नये.' मजकूर माझा होता. माझं मराठी चांगलं म्हणून मला लिहायला सांगितलं आणि मी लिहिला. वर्षभरात सायकल स्टँड रिकामा झाला आणि तिथे आम्हा शिक्षकांच्या दुचाक्या उभ्या राहू लागल्या. माझीही.

मूल गेल्यावर त्या लोकांनी मोटारींना जाब विचारला. आम्ही मुलांच्या हातातून सायकल काढून घेतली. किंडरडाइकच्या बांधावर हे माझ्या डोक्यात इतकं लख्ख उभं राहिलं की घास गिळवेना. हे विचारत राहिले, "काय गं, दमलीस का?" मी म्हटलं, "हो."

आणि विनोद बघा. जे माझ्या विद्यार्थ्यांना पाचवीपासून रोज फुकट मिळत होतं, वारा खात शाळेत जायचं सुख, ते मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी लेकीचे युरो खर्चून आठ दिवसांसाठी विकत घेतलं. वर त्याचे फोटो दाखवत हिंडले.

म्हणून म्हणते, हा सुस्कारा निरुपद्रवी नाही. 'आपल्याकडे नाही जमायचं' म्हटलं की सही करायची वेळच येत नाही. आपण आधीच सुटलेले असतो. आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नव्हे. २००६ नंतर पुण्यात काही रस्त्यांच्या कडेने सायकलींचे मार्ग बांधले गेले. २०१७ साली महानगरपालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. मार्गांवर टपऱ्या आल्या, दुचाक्या आल्या, आराखडा बराचसा कागदावर राहिला. तेव्हा रस्त्यावर बसायला कोण गेलं होतं? मी तर नव्हते.

आपल्या शहरातूनही एक कालवा वाहतो. खडकवासल्याहून निघालेला मुठेचा उजवा कालवा, पर्वतीच्या पायथ्याने, स्वारगेटवरून हडपसरकडे जाणारा. २०१८ च्या सप्टेंबरात त्याची भिंत दांडेकर पुलाजवळ फुटली आणि गरिबांची घरं वाहून गेली, तेव्हाच कित्येकांना तो आहे हे आठवलं. आता पाणी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून न्यायची योजना आहे. उद्या तसं झालं तर कालव्याची ती लांबच लांब पट्टी मोकळी होईल. तिथे काय व्हावं? मुलांना आणि म्हाताऱ्यांना सावलीतून चालायची, सायकल चालवायची वाट, की आणखी एक मोटाररस्ता? उत्रेख्तच्या लोकांनी पन्नास वर्षं चूक भोगून मग ती खणून काढली. आपल्याला ती न करण्याची संधी आहे. पण ती ओरडल्याशिवाय मिळणार नाही.

असो. मी परत आल्यावर एक अर्ज लिहिला आहे. आमच्या जवळच्या शाळेसमोर गतिरोधक, शाळेच्या वेळात जड वाहनं बंद, मुलांसाठी वेगळी वाट. मजकूर जवळजवळ त्या वडिलांचाच आहे. तीस वर्षांनी आठवला तेवढा लिहिला. बाकावर नेला तेव्हा एकजण म्हणाले, "बाई, या वयात कशाला ही उठाठेव?" दुसरे म्हणाले, "याने काय होणार?" आत्तापर्यंत नऊ सह्या झाल्या आहेत. पहिली माझी आहे.

रोज सहा वाजता कागद बाकावर असतो. पेनही ठेवते.