दुखणे थांबले, तरी तपासणी थांबवू नका

रोपलावणीचे दिवस आले की संधिवाताच्या रोग्यांची दवाखान्याची फेरी चुकते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: "फादर, आता हात दुखत नाहीत. मग उगाच खर्च कशाला?" आमचे मत नेमके उलट आहे. हात दुखत नाहीत ते औषध चालू आहे म्हणून; आणि म्हणूनच फेरी चुकता कामा नये.

उतारवयात गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. आम्ही बोलतो आहोत ते रूमॅटॉइड संधिवाताविषयी. ह्यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग दोन-तीन पट अधिक. तो हरळीसारखा आहे. वरून खुरपली तरी मुळे खाली जिवंतच असतात. औषध सोडले की पुष्कळांना तो पुन्हा उफाळतो, आणि एकदा वाकडी झालेली बोटे गोळ्यांनी सरळ होत नाहीत.

तपासणीचे दुसरे कारण खुद्द औषध. मेथोट्रेक्सेट ही ह्या रोगावरची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून डॉक्टरांकडून वार मराठीत लिहून घ्या. तिचा परिणाम रक्तातील पेशींवर व यकृतावर होऊ शकतो. त्यासाठी सुरुवातीला काही आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासावे लागते. ह्या गोळीबरोबर दारू नको. गर्भवतीने ती मुळीच घेऊ नये. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांना सांगावे. ताप आला तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर डोळेही तपासून घ्यावे लागतात.

फेरी चुकली की माणूस गावातल्या झटपट इंजेक्शनाकडे वळतो. त्यात बहुधा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत बरे वाटते. पण ते वारंवार घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. मात्र बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेल्याने ते एकदम बंदही करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे.

दोष सगळा रोग्याचा नाही. भर लावणीत तारीख देणारे, दरवेळी नवे डॉक्टर आणि इंग्रजी चिठ्ठी देणारे दवाखानेही विचार करोत. पण घरच्यांना आमचा एक रोकडा प्रश्न आहे. गाईच्या लसीचा दिवस आपण विसरत नाही. मग आईच्या तपासणीची तारीख कशी विसरतो? मजुरी बुडेल म्हणून ती स्वतः बोलणार नाही. तेव्हा तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर मुलाने किंवा सुनेने लिहावी, सर्व कागद एकाच पिशवीत ठेवावेत, आणि शहराला जाताना कोणीतरी तिच्यासोबत जावे. एखादी तारीख चुकलीच तर लाजू नये. पुढच्याच आठवड्यात जावे.

ज्या हातांनी आपल्याला भाकरी थापून घातली, ते हात शाबूत ठेवणे हे घरातल्या सर्वांचे काम आहे.