रूम फ्रेशनर ठेवा, आधी सिंकखाली वाका

दिवाळीची सुट्टी संपवून पुण्यातल्या फ्लॅटवर परतलो आणि दार उघडताच तिघींनी एकदम नाक दाबलं. सडक्या अंड्यांचा वास! मग नेहमीचा सीन. कुणाचा डबा राहिला, कचरा कुणी टाकला नाही, यावर अर्धा तास भांडण. घरमालक काकांना फोन केला तर म्हणाले, "तुम्हा मुलींना स्वच्छता ठेवता येत नाही, त्याला मी काय करू? मावशींना ॲसिड टाकायला सांगा." आम्ही मुकाट्यानं सांगितलं. वर दोन रूम फ्रेशनर आणले. आता मोगऱ्यात घोळवलेल्या सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला.

माझं स्पष्ट मत आहे, वास झाकायला आपण पैसे घालवतो, पण तो येतो कुठून हे बघायला दहा मिनिटं देत नाही.

बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साचलेलं असतं आणि तेच ड्रेनेजमधला वायू अडवतं. बेसिनखालचा वाकडा पाइपही हेच काम करतो. (लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं 1775 मध्ये संडासासाठी अशा वळणाचं पेटंट घेतलं. घड्याळजीनं!) घर काही आठवडे बंद राहिलं की हे पाणी उडून जातं आणि गटाराला थेट आपल्या घरात एण्ट्री. दोन मग पाणी ओतलं, विषय संपला.

म्हणजे बाथरूमपुरता. किचन तसंच घमघमत होतं. मग रात्री प्रत्येक जाळीवर पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी ठेवली, बेसिनच्या भोकात ओलं फडकं कोंबलं आणि सकाळी एकेक काढत, वास घेत गेलो. चोर सिंकखाली सापडला. पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खोचलेला, बाजूला दोन बोटं जातील एवढी फट, वळणाचा पत्ताच नाही. हे भाडेकरूनं कसं आणि का दुरुस्त करायचं? फोटो पाठवल्यावर काका नरमले. प्लंबर आला, ट्रॅप बसला, फट बुजली. 'तुम्हा मुलींना' वगैरे मात्र कुणी मागे घेतलं नाही.

पण मला जास्त खटकतं ते ॲसिडचं. सुकलेल्या ट्रॅपवर त्याचा उपयोग शून्य. मावशी मात्र त्या कोंदट बाथरूममध्ये खोकत राहिल्या. आधी कुणी तिथे ब्लीच ओतलं असतं तर? दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू तयार होतो. आम्ही तिघी तेव्हा बाहेर फ्रेशनर फवारत होतो. नंतर सॉरी म्हटलं, तर मावशी म्हणाल्या, "रोजचंच आहे गं."

आता नवीन फ्लॅट बघायला गेले की वायफायचं विचारायच्या आधी मी सिंकखाली वाकते. ब्रोकर विचित्र नजरेनं बघतो. बघू दे.