पुस्तक मिटून सांग पाहू!

बालदोस्तांनो, वार्षिक परीक्षा जवळ आली की घराघरांतून हा संवाद ऐकू येतो.

"झाला का धडा?"

"झाला!"

"किती वेळा वाचलास?"

"चार वेळा!"

आई खूश, तुम्हीही खूश. आणि पेपरात नेमका त्याच धड्यावरचा प्रश्न आला की पेन तोंडात! उत्तर डाव्या पानावर, चित्राच्या खाली होतं एवढं लख्ख आठवतं. उत्तर काही आठवत नाही.

असं का बरं होतं? चौथ्यांदा वाचताना शब्द ओळखीचे झालेले असतात. मन म्हणतं, "हे तर येतंय की!" पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि न बघता सांगता येणं वेगळं. शाळेच्या वाटेवरच्या दुकानाची पाटी तुम्ही शंभरदा पाहिली असेल. आता डोळे मिटा आणि सांगा, दुकानाच्या नावाखाली काय लिहिलंय?

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या काही मुलांनी एक उतारा चार पाळ्यांत वाचला. दुसऱ्या गटानं एकाच पाळीत वाचला आणि उरलेल्या तीन पाळ्यांत तो न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा नुसतं वाचणारेच पुढे होते! पण आठवड्यानंतर? वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. आता परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते, खरं ना?

तेव्हा धडा एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते पाठकोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं बघा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तसंच. सुरुवातीला फार थोडं आठवतं आणि रडू येतं. येऊ दे!

आता थोडं आई-बाबांशी. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पास होणं पुन्हा गरजेचं झालं. नापास झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा मिळते, पण तिथंही अडलं तर वर्ष त्याच वर्गात. त्यामुळे घरात भीती शिरते आणि शिकवणीची शोधाशोध सुरू होते. पालकसभेत हमखास कुणीतरी हळूच म्हणतं, "बाई, आमचं शिक्षण कमी, आम्ही काय अभ्यास घेणार?"

अहो, तुम्हाला येत नाही हीच तर गंमत आहे! भाकऱ्या थापता थापता विचारा, "दिवस-रात्र का होतात रे?" तो म्हणेल, "पृथ्वी फिरते म्हणून." एवढ्यावर सोडू नका. "फिरते म्हणजे कशी? मला नाही कळलं." इथे बरीच मुलं अडखळतात आणि पृथ्वीला सूर्याभोवती फिरवतात. ते परिभ्रमण, त्याला वर्ष लागतं. दिवस-रात्र होतात त्या स्वतःभोवती फिरल्यानं, म्हणजे परिवलनानं. त्याच्या हातात एक लिंबू द्या आणि दिव्यासमोर फिरवून दाखव म्हणावं. अडला तर तो स्वतःच पुस्तकाकडे धावेल. तुम्ही फक्त ऐकायचं आणि "एवढंसुद्धा येत नाही?" हे वाक्य गिळायचं. (कठीण असतं, मला ठाऊक आहे.)

गणितातही हेच. सोडवलेलं उदाहरण वाचलं की सोपं वाटतं. तेच झाकून सोडवायला घेतलं की कळतं. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असं कितीतरी वह्यांत सापडतं. वरचे अंक वरच्यांत, खालचे खालच्यांत! अशा वेळी ताटातली भाकरी कामाला येते. अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, तर ती अर्ध्याहून कमी कशी होईल? दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षा कमी! खरं उत्तर पाच षष्ठांश. कसं, ते तुम्ही आईला समजावून सांगा.

परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र प्रश्नोत्तरं नकोत. कंपासपेटी भरा, जेवा आणि वेळेवर झोपा. पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच "किती सुटले?" असं विचारू नका हो, आधी पाणी द्या.

पुढच्या आठवड्यात शाब्दिक उदाहरणांकडे वळू. तोवर वही-पेन्सिल तयार ठेवा!