वाचनचिंतन : प्रेमकथेचा कस

सोलापूरच्या आमच्या घरी नातीच्या उशाशी राजपुत्र, राक्षस आणि जादूनगरीच्या जाडजूड प्रेमकादंबऱ्या असतात. वडीलधाऱ्यांना ते रुचत नाही. परंतु प्रेम आणि अद्भुत आपल्या परंपरेस परके नाहीत. उद्द्योतनसूरींनी इ. स. ७७९ मध्ये रचलेल्या आणि डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी संपादिलेल्या 'कुवलयमाला' या प्राकृत कथेत घोडा राजपुत्राला आकाशमार्गे पळवून नेतो. पुढे तो राजकन्येला वरतो. मात्र तेथे क्रोध, मान, माया, लोभ, मोह यांचे फळ जन्मोजन्मी भोगावे लागते. आजच्या काही कादंबऱ्यांत नायकाचा संताप आणि मत्सर हेच प्रेमाचे लक्षण ठरते. माझा आक्षेप तेवढाच. म्हणून नातीचे पुस्तक हिरावून घेऊ नये, ते संपल्यावर शांतपणे विचारावे, "बाळ, त्याच्या रागाचे फळ कोणी भोगले?"