अंगावरचें दूध आणि वरचें दूध

आईचें दूध हें मुलाचें पहिलें आणि उत्तम अन्न होय, या विधानाविरुद्ध आज सुशिक्षित समाजांत कोणी एक शब्दहि उच्चारणार नाहीं. तो उच्चारावा अशी आमचीहि इच्छा नाहीं. पण एखादें सत्य सर्वमान्य झालें कीं त्याला पुजारी मिळतात, आणि पुजारी आले कीं सोंवळें-ओंवळें आलेंच. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मातृदुग्धाचें असेंच एक सोंवळें माजलें आहे. बाळंतिणीनें अंगावर पाजतां पाजतां दिवसांतून एक-दोन वेळां डब्याचें दूध दिलें, तर तिच्या हातून कांहीं पातक घडलें अशा नजरेनें तिच्याकडे पाहण्यांत येतें. जिचें मूल पूर्णपणें डब्यावर आहे तिची निदान कींव तरी केली जाते. दोन्ही देणारी मात्र धड इकडची नाहीं आणि धड तिकडची नाहीं अशी ठरते. या सोंवळ्याचा समाचार घेणें जरूर आहे.

‘वरचें दूध’ हा शब्द कोणा परदेशी कंपनीनें आपल्याकडे आणलेला नाहीं. तो आपल्या आज्यांचा शब्द आहे. चोंचीचें बोंडलें, कोठें पितळेचें तर कोठें चांदीचें, जुन्या घरांच्या फडताळांत असे. तें शोभेसाठीं घडविलेलें नव्हतें. बाळंतीण तापानें फणफणते, दूध कमी पडतें, कधीं ती दगावतेहि, हें त्या पिढ्यांस आपल्यापेक्षां फार जवळून ठाऊक होतें. १६५७ सालीं पुरंदरावर संभाजी महाराजांचा जन्म झाला, तेव्हां त्यांस पाजण्यासाठीं कापूरहोळची धाराऊ आली. तिचें नांव इतिहासानें आदरानें जपलें, आणि त्यामुळें सईबाईंच्या मातृत्वास उणेपणा आला असें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं. धाराऊचीच परंपरा १९८९ सालीं मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं दुग्धपेढीच्या रूपानें चालू केली. आशिया खंडांतील ती पहिली पेढी. परंतु असें दूध अपुऱ्या दिवसांच्या व आजारी अर्भकांसच पुरतां पुरत नाहीं. घरोघरच्या बाळंतिणीला धाराऊ कोठून मिळणार? तिच्यासाठीं उरतो तो डबाच.

आणि आम्ही तिला आदर्श म्हणून कोण दाखवितों? हिरकणी. रायगडावर दूध घालावयास गेलेली ही गवळण दिवेलागणीस दरवाजे बंद झाल्यामुळें वर अडकली, आणि खालीं तान्हें मूल उपाशी आहे म्हणून काळोखांत कडा उतरून गेली. आपल्या एस. टी. स्थानकांवर अंगावर पाजण्यासाठीं ज्या खोल्या राखल्या आहेत त्यांस ‘हिरकणी कक्ष’ हेंच नांव आहे. नांव गोड आहे यांत शंका नाहीं. पण दरवाजा बंद होता आणि घरीं मुलाजवळ दुसरें कोणी नव्हतें, या दोन गोष्टींविषयीं आपण कांहीं बोलत नाहीं. कडा उतरली एवढेंच काय तें आपल्या लक्षांत राहतें. मग प्रत्येक बाळंतिणीनें तो रोज रात्रीं दोन वाजतां व पुनः चार वाजतां उतरावा असें आपणांस सहज वाटूं लागतें. (ती स्वतः गडावर लोकांना वरचें दूधच विकावयास गेली होती, ही गंमत कथा सांगणारांच्या ध्यानांत येत नसावी.)

प्रतिपक्षाजवळ सबळ कारणें नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. १९३९ सालीं डॉ. सिसिली विल्यम्स या बाईंनीं सिंगापुरांत एक भाषण केलें व त्यास ‘दूध आणि खून’ या अर्थाचें नांव दिलें. गोड घट्ट दुधाचे डबे बाळांचें अन्न म्हणून गोरगरीब आयांच्या गळ्यांत बांधणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्यांचा रोख होता, आणि तो योग्य होता. पुढें १९७७ सालीं अमेरिकेंत नेस्ले कंपनीच्या मालावर बहिष्काराची चळवळ सुरू झाली. १९८१ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें अशा विक्रीस आळा घालणारी संहिता ११८ विरुद्ध एक मतानें संमत केली, आणि तें एक मत अमेरिकेचें होतें. आपल्या देशांत १९९२ सालीं कायदा झाला व २००३ सालीं तो अधिक कडक करण्यांत आला. आज अर्भकांच्या दुधाची लोकांत जाहिरात करतां येत नाहीं, डब्यावर बालकाचें किंवा स्त्रीचें चित्र छापतां येत नाहीं, आणि आईचें दूधच उत्तम हें त्यावर ठळक अक्षरांत लिहावेंच लागतें. हा कायदा आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. उद्यां कोणी तो सैल करूं पाहील तर त्याच्याविरुद्ध आम्हीच प्रथम लेखणी उचलूं. परंतु या कायद्यानें हात बांधले ते विकणाराचे. आईनें डबा विकत घेणें हा अपराध आहे असें त्यांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं; तें कलम आपण घरांतल्या घरांत जोडलें आहे. कंपन्यांवरचा राग काढावयास कंपनी जवळ नसते, सून जवळ असते, हेंच त्याचें कारण!

दुसरा आक्षेप असा कीं, वरचें दिलें म्हणजे अंगावरचें आटतें. यांत अर्धें सत्य आहे, आणि अर्धें सत्य नीट सोडवून दाखविल्याशिवाय त्याचा उपद्रव थांबत नाहीं. स्तन जितका रिता होतो तितकें दूध पुढें तयार होतें. तो भरलेलाच राहिला तर शरीर दूध करणें कमी करतें. तेव्हां मुलाला छातीशीं न घेतांच बाटली पुढें केली आणि ती खेप तशीच बुडाली, तर दूध आटेल यांत नवल काय? पण आधीं दोन्हीं बाजूंस पाजून मग जें कमी पडलें तेवढेंच वरून दिलें, आणि एखादी खेप चुकलीच तर तेवढें दूध काढून ठेवलें, तर आटण्याचें भय पुष्कळ कमी होतें. म्हणजे प्रश्न किती, केव्हां आणि कोणत्या क्रमानें द्यावें हा आहे. आमचे शुद्धिवादी नेमकें याचेंच शिक्षण कोणास देत नाहींत, कारण शिकविलें तर जणू परवानगी दिल्यासारखें होईल!

आजीबाईंनाहि येथें चार शब्द सांगितले पाहिजेत. पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो तो चीक. तो चमचे-दोन चमचेच असतो, आणि मुलाची गरजहि तेवढीच असते. पुढें तिसऱ्या-चौथ्या दिवशीं दूध उतरतें, पोट फाडून बाळंतपण झालें असल्यास कधीं त्याहून उशिरां. या अवधींत मुलाचें वजन थोडें उतरणें हा निसर्गक्रम आहे. मूल रडलें कीं “सूनबाई, तुझें दूध पुरत नाहीं ग” असें म्हणून पहिल्याच रात्रीं डबा फोडणें हा त्या मुलीचा धीर खचविण्याचा हमखास मार्ग होय. मुलें भुकेखेरीज शंभर कारणांनीं रडतात. उलट, जन्मवेळचें वजन दहाव्या हिश्श्याहून अधिक उतरलें, मूल सुस्त पडूं लागलें, कावीळ चढली, आणि पांचव्या-सहाव्या दिवशींहि दिवसांतून सहा दुपटीं भिजेनात, तर तेव्हां तत्त्वाचा हट्ट धरून वाट पाहणें हें क्रौर्य आहे. तेथें डॉक्टरांनीं मूल तपासावें, वजन करावें, पाजण्याची पद्धत सुधारावी, आणि जरूर तर वरचें दूध सांगावें. तें सांगतांना आवाज खालीं आणण्याचें कारण नाहीं.

शास्त्राचा कौल विचाराल, तर तोहि पुजाऱ्यांना वाटतो तितका एकसुरी नाहीं. अमेरिकेंत वजन उतरलेल्या ४० अर्भकांवर केलेला एक प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटास अंगावर पाजल्यानंतर प्रत्येक वेळीं १० मिलिलिटर डब्याचें दूध, आईचें दूध नीट उतरेपर्यंतच, पिचकारीनें देण्यांत आलें. तीन महिन्यांनीं केवळ आईच्या दुधावर असलेलीं मुलें याच गटांत अधिक निघालीं. पुढें १६४ अर्भकांवर तसाच प्रयोग झाला तेव्हां हा लाभ दिसला नाहीं, इतकेंच नव्हे तर वर्षअखेर अंगावर पिणारीं मुलें त्या गटांत कमी भरलीं. दोन्ही निकाल आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. त्यांवरून वरचें दूध निर्धोक आहे असें ठरत नाहीं. पण त्याचा थेंब पोटांत गेला कीं सर्व बुडालें हेंहि ठरत नाहीं.

या लाजेचा खरा तोटा वेगळाच आहे, आणि तो कोणी मोजीत नाहीं. ज्याची लाज वाटते तें चोरून केलें जातें. बाळंतीण डॉक्टरांस सांगत नाहीं, डॉक्टर विचारीत नाहींत, आणि दूध कसें कालवावें हें कोणी दाखवीत नाहीं. डब्यांतील भुकटी निर्जंतुक नसते. म्हणून उकळलेलें पाणी निदान ७० अंश ऊन असतांनाच ती त्यांत घालावी लागते, आणि दूध निववून मग पाजावें लागतें. कालवलेलें दूध बाहेर राहिलें तर दोन तासांत टाकून द्यावें लागतें. माप डब्यांतल्या चमच्याचेंच, तेंहि सपाट. काटकसरीनें पाणी वाढविलें तर मूल भरल्या पोटीं उपाशी राहतें. भुकटी वाढविली तर त्याच्या कोंवळ्या मूत्रपिंडांवर भार पडतो. लपूनछपून करणारी बाई मात्र अदमासानें घालते, आणि उरलेलें अर्धें दूध पुढच्या वेळेस ठेवते. कांहीं घरांत तर डब्याची निंदा करून त्याऐवजीं गाईचें दूध पाणी घालून देतात व त्यास ‘नैसर्गिक’ म्हणतात! वर्षाच्या आंतल्या मुलाला मुख्य अन्न म्हणून तें योग्य नाहीं. त्यांत लोह फार थोडें असतें, आणि प्रथिनें व क्षार त्याला झेपणार नाहींत इतके असतात. बाटलीच्या बुचापेक्षां वाटी-चमचा धुण्यास सोपा, आणि तान्ह्या मुलालाहि त्यानें पाजतां येतें, हेंहि याच ठिकाणीं सांगून टाकतों.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सहा महिन्यांच्या आंतील शंभरांपैकीं सुमारें ६४ बालकें केवळ आईच्या दुधावर होतीं. राहिलेल्या ३६ बालकांच्या पोटांत दुसरें कांहीं तरी जात होतें. कोठें पाणी, कोठें पेज, कोठें गाईचें दूध, कोठें डब्याचें. या घरांशीं बोलावयाचें तरी कोणीं? सहा महिन्यांपर्यंत केवळ अंगावर पाजावें हा उपदेश उत्तम आहे, पण तो पाळतां न आलेल्या बाईशीं तेथेंच बोलणें संपवावयाचें, हा कोठला न्याय?

उपदेशकांस उत्साह फारच असेल तर त्यांनीं तो कचेऱ्यांत जाऊन दाखवावा. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांपुरती प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, आणि ५० किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघर असणें बंधनकारक झालें. मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत आईस दिवसांतून दोनदां पाजण्यासाठीं सवड मिळावी हें तर त्याच्या पूर्वींपासून कायद्यांत आहे. आपल्या वाचकांपैकीं कितीजणांनीं आपल्या कचेरींत असें पाळणाघर पाहिलें आहे? आणि दहांहून कमी माणसांच्या दुकानांत किंवा शिकवणीवर्गांत काम करणाऱ्या बाईस तर यांतलें बहुधा कांहींच लागू नाहीं. ती दुसऱ्याच महिन्यांत कामावर जाते, सकाळ-संध्याकाळ व रात्रीं अंगावर पाजते, आणि दुपारचें दूध शेजारीण किंवा सासू वाटींतून देते. ती जें करते आहे त्यास आम्ही मिश्र पोषण म्हणतों. ती त्यास कांहींच नांव देत नाहीं, तिला वेळ नसतो.

रात्रीं दोनच्या सुमारास जें कांहीं वरून द्यावयाचें ठरलें असेल, तें बापानें उठून द्यावें. पाणी ७० अंशांचें आहे कीं नाहीं हें पाहावयास पुरुषाची बुद्धि पुरते असा आमचा समज आहे. आणि चमचा सपाट करावयासहि.